पिंपळ आडवा येतोय

चित्र आलं नाही तर दोष कशाला द्यायचा, याचा आमच्या मिस्त्रींनी एक नियम करून ठेवला होता. जे कुणाला हलवता येत नाही, त्याला द्यायचा. देवळाचा कळस, पाण्याची टाकी, टेकडी. लोक माना वर करून त्या वस्तूकडे बघतात, 'हां, मग त्याला काय इलाज' म्हणतात, आणि तेवढ्या वेळात मिस्त्री खरा बिघाड शोधून काढतात. कळसाला राग येत नाही, टाकी भांडायला येत नाही. आमचा संसार असा कळसाच्या आणि टाकीच्या पुण्याईवर चालला होता.

मिस्त्री म्हणजे रंगनाथ, माझा नवरा. लग्न झालं तेव्हा रेडिओ दुरुस्त करायचे, पुढे टीव्ही, आणि डिशचं खूळ आलं तेव्हा डिश. परभणीत कूलरचे पत्रे वाकवणाऱ्या एका कारागिराकडून त्यांनी जाळीची डिश करून घेतली, पाकळ्या-पाकळ्यांची. पाकळ्या सुट्या करायच्या, गाडीच्या टपावर बांधायच्या आणि निघायचं. आज चुडाव्याचा बाजार, उद्या कुठला उरूस, परवा कुणाचं लग्न. गाव तिला थाळी म्हणायचं. रिकाम्या दिवसांत मी तिच्यावर पापड वाळवायची, ते मिस्त्रींना आवडत नसे. पापड मात्र आवडत.

गाडी लिलावात घेतलेली. आधी ती कुटुंब नियोजनाच्या प्रचाराची होती. मिस्त्रींनी दोनदा रंग दिला तरी उन्हाळा आला की रंगाखालून तो लाल त्रिकोण हळूहळू वर यायचा. आत एक बाज, स्टो, पाण्याचं पिंप, माझी पेटी, आणि गोधडीत गुंडाळलेला टीव्ही. तेच घर, दुसरं नव्हतं. बाया खिडकीतून डोकावून विचारायच्या, "आत आपरेशन करता का वो?"

"न्हाई बाई, टीव्ही दाखवतो," मी म्हणायची. "परिणाम तोच."

घर असं चाकावर का, तेही सांगून टाकते. आम्ही बौद्ध. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं आणि मराठवाडा पेटला, त्यात आमची वस्तीही पेटली. मिस्त्रींनी सासूबाईंना पाठीवर घेऊन ओढा ओलांडला. माझं शिवणयंत्र मागंच राहिलं, नंतर त्याचं नुसतं चाक सापडलं. पुढे परभणीत भाड्याच्या खोल्या. खोली दाखवायच्या आधी लोक आडनाव विचारत, आणि आडनाव ऐकल्यावर खोली नेमकी आदल्या दिवशीच गेलेली असे. गाडीला कुणी आडनाव विचारत नाही. फार तर नंबर विचारतात. आणि विचारलंच कुणी, तर मिस्त्री 'परभणीकर' म्हणून सांगायचे. परभणीकर कोण असतात, हे परभणीत कुणालाच माहीत नाही. त्यामुळे सगळ्यांची तसल्ली व्हायची.

मी सांगते ते त्र्याण्णव सालच्या थंडीतलं. विद्यापीठाचं नाव तेव्हाही जुनंच होतं.

डिशची एक खोड असते. तिचं तोंड आकाशात एका ठरावीक जागीच लागतं, आमच्याकडे ते आग्नेयेला. आणि आमच्या भागात आमच्या लोकांची वस्ती बहुतेक गावाच्या उगवतीकडे असते. वारा मावळतीकडून येतो, तो आधी गावाला लागावा आणि मग वस्तीला, अशी जुन्या लोकांनी करून ठेवलेली सोय. त्यामुळे गावात कुठंही डिश लावा, ती हटकून वस्तीच्या डोक्यावरून बघायची. एका गावात एका म्हातारीनं थाळीचं तोंड बघितलं, पडद्यावरचं नाचगाणं बघितलं आणि मला हळूच विचारलं, "एवढं नाचायला कवापासून लागली गं ही माणसं?"

दिनकररावांचं गाव देवगाव फाट्यावरून आत. नाव लिहीत नाही, तिथं अजून माणसं राहतात. जमीन बक्कळ, स्लॅबचं नवं घर, आणि मुलगी औरंगाबादला द्यायचं चाललेलं. मुलाकडची मंडळी घर बघायला येणार होती. त्यांच्याकडे केबल आहे असं कळल्यावर दिनकररावांनी ठोकून दिलं होतं की आमच्याकडं डिश हाय. मग डिश शोधायला निघाले. सेलूच्या बाजारात त्यांना आम्ही सापडलो.

"मिस्त्री, थाळी माझ्या गच्चीवर चढवायची. पाहुणे गेले की उतरवायची. तवर ती माझी."

"अन् आमी, दादा?"

"तुमी गोठ्यामागं, गाडीसकट. त्यो तिरकोण कुणाच्या नजरंस पडू नये. लगीन जमायच्या आधीच कुटुंब नियोजन नको."

सगळे हसले. मीही हसले. माणूस विनोदी होता, हे मी आजही कबूल करीन.

त्यांची बायको पार्वतीबाई जीव लावणारी. गेल्या गेल्या मला सैपाकघरात पाटावर बसवलं, ज्वारीची गरम भाकरी, वांग्याचं भरीत. "आडनाव काय म्हणलात?" "परभणीकर." "हां हां," त्या म्हणाल्या, जणू परभणीकरांच्यात त्यांची आत्याच दिली होती, आणि भाकरीवर तेल सोडलं.

डिश जोडून अंगणातून दोरानं वर ओढायची असं दिनकररावांच्या सालगड्यानं ठरवलं. सिताराम त्याचं नाव, उमदा गडी, पण घाई लय. मिस्त्री म्हणत होते पाकळ्या सुट्या नेऊ, वर जोडू. त्यानं ऐकलं नाही. दोर सुटला, थाळी गच्चीच्या कठड्यावर आपटली आणि एक पाकळी आत मुडपली. दिनकरराव तेव्हा आत होते. सितारामचं तोंड असं उतरलं की मिस्त्रींनी नुसता हात केला, जाऊ दे म्हणून.

मग पडद्यावर मुंग्या. मिस्त्री दांडी फिरवतायत, मी जिन्यात तार धरून उभी, खाली टीव्हीवर मुंग्याच मुंग्या. दिनकरराव पाठीशी हात बांधून वर आले.

"का येईना?"

मिस्त्रींनी सितारामकडं बघितलं. मग आकाशाकडं. मग थाळीच्या तोंडासमोर काय आहे ते शोधायला लागले. त्या अंगाला कळस नव्हता. टाकी नव्हती. वस्तीच्या कडेला एक मोठा पिंपळ होता, लांब, थाळीच्या नजरेच्या कितीतरी खाली.

"पिंपळ आडवा येतोय, दादा."

मला बरंच वाटलं. नियम पक्का बसला होता. पिंपळाला आमच्याकडं कोण हात लावतं? त्याच्यावर मुंजा असतो. माणसं रस्ता वाकडा नेतात, विहीर दुसरीकडे खणतात, पण पिंपळाला कुऱ्हाड लावत नाहीत.

दिनकररावांनी मिस्त्रींच्या बोटाच्या रेषेत पाहिलं.

"कोणता? वस्तीतला त्यो?"

"त्योच."

"आरं, मग सोपं हाय की! त्यो कुठं पिंपळ राहिलाय आता?"

मिस्त्रींना कळलं नाही. मलाही नाही.

"पयले व्हता पिंपळ," दिनकरराव समजावून सांगायला लागले. "माझी आई शनिवारी फेऱ्या घालायची त्येला. मग आंबेडकर शताब्दीच्या साली ह्या लोकांनी खाली कट्टा बांधला, बुद्धाची मूर्ती बसवली, झेंडा लावला. तवापासून आमच्या बाया जायच्या बंद झाल्या. मुंजा बी गेला आसंल कुठं तरी निघून. उद्या सकाळी पाडू. पाहुणे दुपारचे येतेत."

"नको दादा, एवढ्यासाठी कशाला..."

"एवढ्यासाठी कसं? गायरानातलं झाड, कुणाच्या बापाचं न्हाई. मिस्त्री, लय बरं केलं सांगितलं. उगं पाडलं आसतं तर केस केली आसती त्यांनी. आता कारण हाय. टेक्निकल."

तो शब्द त्यांना आवडला. जिना उतरताना ते तो पुन्हा एकदा म्हणाले.

गोठ्यामागं आल्यावर मी गाडीचं दार लावून घेतलं.

"आवो, काय बोलून बसलात तुमी?"

"पिंपळ कोण तोडतं गं?" मिस्त्री बाजेवर बसले. "मला काय ठावं..."

"जावा आन् सांगा. थाळी वाकलीय म्हणावं, झाडाचा काही संबंध न्हाई."

"सितारामचं नाव येईल. गरीब माणूस."

"मग आपलं सांगा. आपल्या हातून पडली."

"आन् मग इचारतील, त्या वस्तीचा एवढा कळवळा का म्हणून? मग आडनाव. मग पार्वतीबाईनं पाटावर बसवून जेवू घातलं ते निघंल. गाडीला काडी लावायला कितीसा वेळ लागतो, मनकर्णा? एक घर जळालं तेवढं बास न्हाई का?"

मिस्त्री भित्रे नव्हते. पेटलेल्या वस्तीतून आई पाठीवर घेऊन निघालेल्या माणसाला भित्रा कुणी म्हणू नये. पण त्या दिवशी मला वाटलं, ते त्या ओढ्यातून अजून बाहेर आलेच नाहीत.

मी घागर उचलली आणि दिवस मावळायच्या आत वस्तीतल्या हापशावर गेले. तिथं माझ्याच वयाची एक बाई पाणी भरत होती. मला बघून तिनं दांडा सोडला नाही.

"वरच्या आळीचं पाणी संपलं का?"

"न्हाई बाई. एक सांगायचं व्हतं."

मी सांगितलं. सगळं, मिस्त्रींच्या नियमासकट. तिनं दांडा सोडला.

"आन् तुमी कोण सांगणाऱ्या?"

"तुमच्यातलीच. नामांतरात घर गेलेली."

तिनं मला वरून खाली बघितलं, मग माझ्या डोक्यावरून दिनकररावांच्या गच्चीकडं.

"थाळी तुमचीच?"

"आमचीच."

"मग न्या की काढून."

"जिना त्यांच्या घरातून हाय. त्यांना सांगितल्याबिगर वर जाता येत न्हाई."

तिचं नाव कुसुमबाई. वस्तीतले बापे सगळे कारखान्याला ऊस तोडायला गेलेले, बायकाही निम्म्या त्यांच्याबरोबर. मागे राहिलेली ही, थोड्या बाया, लेकरं, आणि आश्रुबा नावाचा म्हातारा. तो पिंपळाच्या कट्ट्यावर सुंभ वळत बसला होता. त्याला ऐकू कमी येई.

"काय म्हणती गं ही?" त्यानं तिथूनच विचारलं.

"पिंपळ पाडणारेत म्हणती, मामा!"

"कोण?"

"दिनकरराव!"

"हॅ! पिंपळ कोण पाडतंय," म्हातारा म्हणाला आणि पुन्हा सुंभ वळायला लागला.

कट्ट्यावर लेकरं पाटी-पुस्तक घेऊन बसली होती. कुसुमबाई त्यांच्याकडे बघत म्हणाली, "पोर्णिमेला वंदना हितंच व्हती. पंचायत बसली तर हितंच. उन्हाळ्यात बाळंतीण सुद्धा हितंच आणून निजवतो आमी. दुसरी सावलीच न्हाई वस्तीला."

मी म्हणाले, "उद्या कुऱ्हाड निघायच्या आत मी चित्र आणते. झाड उभं आसताना चित्र आलं, की बोलायला जागाच राहत न्हाई."

"आणा," ती म्हणाली. माझी घागर तिनं स्वतः भरून दिली.

सकाळी मी मिस्त्रींना म्हणाले, बोलायचं नसेल तर नका बोलू, पण पाकळी सरळ करू लागा. तेवढं त्यांनी ऐकलं. खलबत्त्याचा बत्ता घेऊन आम्ही ती जाळी आतून ठोकली. मग मिस्त्री खाली टीव्हीपाशी गेले आणि मी वर दांडीपाशी. ते जिन्यातून ओरडायचे, "डावीकडं... मुंग्या... जरा वर... आगं, जरा म्हणलं जरा!" मी केसाएवढी फिरवायची आणि थांबायची.

गच्चीवरून मला सगळं दिसत होतं. सिताराम आणि दोघं गडी खांद्यावर कुऱ्हाडी, दोर घेऊन गल्लीनं निघाले. बोळ संपून ते पांदीला लागले आणि खालून मिस्त्रींचा आवाज आला, "आलं! आलं गं! सोड हात, सोड!"

माझ्या लग्नातसुद्धा मला एवढा आनंद झाला नव्हता. मी कठड्यावर वाकून ओरडले, "सिताराम! थांबा! चित्र आलं!"

सितारामनं ऐकलं. तो थांबला आणि त्यानं कुऱ्हाड खांद्यावरून उतरवून जमिनीला टेकवली. त्यालाही ते नकोच होतं, हे एवढ्या लांबूनही मला कळलं.

मी धावत खाली आले. टीव्हीवर रंगीत, स्वच्छ, काचेसारखं चित्र. दिनकरराव समोर उभे. घरातली माणसं, शेजारची माणसं, दारात लेकरांची गर्दी.

"दादा, बघा!" मी म्हणाले. "झाड हाय तिथंच हाय, तरी आलं. झाडाचा काही संबंध नव्हता. आमची थाळी वाकली व्हती. आमची चूक."

दिनकरराव पडद्याकडं बघत होते. खूष होते.

"काय साफ आलंय!" ते म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "बाई, नुसती कुऱ्हाड खांद्यावर घेतली तर एवढं साफ आलं. पडल्यावर किती येईल!"

सगळे हसले. माणूस विनोदी होता.

"तसं न्हाई दादा, खरंच न्हाई..."

"तुमच्या मिस्त्रीनंच सांगितलं की. का हो मिस्त्री? झाड आडवं येतंय म्हणलात का न्हाई?"

मिस्त्री टीव्हीच्या मागे तारा धरून बसले होते. सगळ्यांनी त्यांच्याकडं बघितलं. मीही बघितलं. मला वाटलं, एवढं तरी म्हणतील. नुसतं 'न्हाई' म्हणायचं होतं.

"थोडा..." मिस्त्री म्हणाले. "थोडा फरक पडतोच, दादा."

मी पुढं झाले आणि टीव्हीच्या मागची तार उपटून काढली. पडदाभर मुंग्या पसरल्या. मला म्हणायचं होतं, ही थाळी आमची, ही तार आमची, नसेल डिश तर कशासाठी पाडता झाड. त्यातलं एक अक्षर बाहेर पडायच्या आत दिनकरराव हात नाचवून म्हणाले,

"बगा, बगा! गेलं परत! त्ये झाड उभं हाय तवर आसंच हुणार. आरं कोण हाय रे तिकडं? सितारामला म्हणावं, हाण!"

पोरं पळत सुटली, 'हाण, हाण' करत.

तार पुन्हा मिस्त्रींनीच जोडली. माझ्याकडं न बघता.

मी वर जाऊन उभी राहिले. पळून जायला दुसरी जागा नव्हती. कुसुमबाई आणि बाया कट्ट्यापाशी होत्या. ओरडल्या, शिव्या दिल्या, मग गड्यांनी लेकरांना बाजूला केलं तेव्हा मागं सरल्या. आश्रुबा मूर्ती मांडीवर घेऊन थोड्या अंतरावर जमिनीवर बसला होता. पिंपळ पडायला खूप वेळ लागला. आणि पडला तेव्हा खाली टीव्हीत काही फरक पडला नाही. होतं तेवढंच साफ राहिलं.

सिताराम घामानं निथळत आला. "दादा, लाकूड कुठं टाकू? गोठ्यात?"

आतून पार्वतीबाई ओरडल्या, "आगं बया! पिंपळाचं लाकूड घरात आणू नको रे! पाप लागतं. मुंजा घर बुडवील!"

"राहू दे तिथंच," दिनकरराव म्हणाले. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच जरा भीती होती.

म्हणजे पडल्या पडल्या तो पुन्हा पिंपळ झाला होता.

पाहुणे आले. पुरणपोळी जेवले. मुलाच्या वडिलांनी अंगणातून वर बघून "डिश वाटतं?" एवढं विचारलं आणि लोडाला टेकून डोळे मिटले. टीव्ही बघायला नवरदेवाची धाकटी बहीण तेवढी बसली, तीही लवकरच उठून मुलीच्या बांगड्या बघायला गेली. लग्न जमलं. चांगलं स्थळ होतं, मुलीचं भलं झालं असेल. तिचा काय दोष?

मिस्त्रींनी पाकळ्या सुट्या करून एक एक खाली आणल्या. या वेळी सितारामनं त्या हळू हळू, दोन्ही हातांवर झेलल्या. पार्वतीबाईनं शिदोरी दिली. ती मी घेतली नाही. त्यांना कारण कळलं नाही, आणि मी सांगितलंही नाही. दुसऱ्या कुणी तरी मागाहून आम्ही कोण ते सांगितलं असेल, तर त्यांनी तो पाट धुऊन काढला असेल.

फाट्याकडं जायची वाट वस्तीवरूनच होती. पिंपळाच्या फांद्या निम्म्या रस्त्यावर आल्या होत्या. त्यांना वरच्यांनी पापाच्या भीतीनं हात लावला नव्हता आणि वस्तीतल्यांनी... त्यांनी का लावला नव्हता ते मला माहीत होतं. मिस्त्री उतरले आणि एकटेच फांद्या ओढून बाजूला करू लागले. कुणी मदतीला आलं नाही. कुणी अडवलंही नाही. उन्हात कट्टा उघडा पडला होता, आणि आश्रुबा त्याच्यावर तसाच, मूर्ती मांडीवर घेऊन.

कुसुमबाई माझ्या खिडकीपाशी आली. तिनं खिडकीच्या कडेवर हात ठेवला. मला वाटलं, आता ही थुंकेल. थुंकली असती तर बरं झालं असतं.

"आलं का चित्र?"

"आलं."

"झाड पडायच्या आधी का मागून?"

"आधी."

तिनं मान हलवली. मिस्त्री ओढत होते त्या फांद्यांकडं बघितलं.

"काय दिसलं?"

मला वाटलं टोमणा मारतेय. तिच्या तोंडाकडं बघितलं. टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती. एवढं झाड पाडून माणसांना काय बघायचं होतं, ते तिला कळायला हवं होतं.

"एक गोरी बाई व्हती," मी म्हणाले. "केसाला साबण लावायली व्हती."

"आन् मग?"

"मग धुतले केस."

मिस्त्री येऊन बसले. गाडी सुरू केली. कुसुमबाईनं खिडकीवरचा हात काढला नव्हता. पुढं अजून काहीतरी असेल म्हणून ती थांबली होती.